एक अक्षर, दोन नावं: कोळी कुटुंबात सापडलेल्या एका एन्झाइमची गोष्ट

(एपिसोडमध्ये जे बोललो तेच इथे थोडं नीट करून लिहिलंय. लोकलमध्ये रेंज जाते म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धा राहतो, त्यांच्यासाठी.)

आजचा एपिसोड रोगाबद्दल आहे, औषधाबद्दल आहे आणि थोडा माझ्या घराबद्दलही आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो. पण ही गोष्ट माझ्याच रक्तात निघाली, म्हणून तिचा इतिहास शोधत बसलो. शोधता शोधता बंदीखान्यापासून परळपर्यंत आणि परळहून थेट एका कोळी कुटुंबापर्यंत पोचलो.

लघवीचा रंग

आमचं गाव रेवदंड्याच्या बाजूला. माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून आम्ही त्याला दादाच म्हणतो. बोटीवर खलाशी आहे. पावसाळ्यात जून-जुलैची मासेमारी बंदी असते, बोटी वर ओढलेल्या, सगळे घरी. अशाच एका पावसाळ्यात दादाला थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं, हिवताप निघाला. मलेरियाचा व्हायवॅक्स नावाचा प्रकार. क्लोरोक्विन सुरू झालं आणि सोबत चौदा दिवस घ्यायची दुसरी एक गोळी.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी दादा मोरीतून बाहेर आला आणि मावशीला म्हणाला, "आई, लघवी बघ कशी होतेय, काळ्या चहासारखी." संध्याकाळपर्यंत डोळे पिवळे झाले. घरात एकच शब्द फिरला, कावीळ. शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणून दिली. ती डोक्यावरून खाली उतरत जाते आणि तसतशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात. माळ गळ्यात पडली आणि हिवतापाच्या गोळ्याही चालूच राहिल्या, कारण "कोर्स अर्धवट सोडायचा नाही" हे सगळ्यांना पाठ होतं.

सहाव्या दिवशी दादाला उभं राहवेना. हॉस्पिटलात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन इतकं खाली होतं की त्याच रात्री रक्त चढवावं लागलं. तिथल्या एका तरुण डॉक्टर मॅडमनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, नाव वाचलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "ही आधी बंद करा."

गोळीचं नाव प्रायमाक्विन. दादाच्या लाल पेशींत एक एन्झाइम कमी होतं. शाळेत आपण त्याला विकर म्हणायचो. या विकराचं नाव लांबलचक आहे, ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज. आपण जी६पीडी म्हणू.

दादा आज ठणठणीत आहे, परत बोटीवर जातो. पण मला प्रश्न पडला. सगळ्या जगाला चालणारी गोळी त्यालाच का नडली? आणि तीस वर्षं काहीच कसं झालं नाही?

लाल पेशीला काय लागतं

एन्झाइम म्हणजे पेशीतला कामगार. एका रसायनाचं दुसरं रसायन करतो, स्वतः मात्र संपत नाही. प्रत्येक एन्झाइम कसं बांधायचं याचा नकाशा जनुकात, म्हणजे जीनमध्ये असतो. नकाशातलं अक्षर चुकलं तर त्याला म्युटेशन म्हणायचं. कधी त्याने काही बिघडत नाही, कधी कामगार अशक्त निघतो, कधी तयारच होत नाही.

लाल पेशीची परिस्थिती वेगळी आहे. ती साधारण १२० दिवस जगते. रक्तात उतरण्याआधी ती आपलं केंद्रक टाकून देते, म्हणजे नकाशाच फेकून देते. पुढचे १२० दिवस जन्माच्या वेळी मिळालेल्या एन्झाइमवरच काढायचे. नवीन बनवता येत नाही. खोल समुद्रात गेलेल्या बोटीसारखं समजा. बंदरात जेवढा बर्फ आणि डिझेल भरलं तेवढ्यावरच परत यायचं.

जी६पीडीचं काम पेशीला गंजण्यापासून वाचवण्याचं. ऑक्सिजन वाहणाऱ्या पेशीत गंज चढवणारी रसायनं सतत तयार होत असतात. त्यांना निष्प्रभ करतं ग्लुटाथिऑन. वापरलं गेलेलं ग्लुटाथिऑन पुन्हा ताजं करायला एनएडीपीएच नावाचं रसायन लागतं. बाकीच्या पेशींकडे एनएडीपीएच बनवायचे दोन-तीन मार्ग असतात. लाल पेशीकडे मायटोकॉन्ड्रिया नाहीत, तिचा भरवसा एकट्या जी६पीडीवर. ते कमी असलं तरी रोजचं काम भागतं, म्हणून माणूस वर्षानुवर्षं ठीक असतो. मग एक दिवस प्रायमाक्विनसारखं औषध येतं, गंजाचा भार एकदम वाढतो, हिमोग्लोबिनच्या गाठी होतात आणि पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन लघवीतून बाहेर पडतं. तोच काळ्या चहाचा रंग.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये बग होता, पण सर्व्हरवर तेवढा लोड कधी आलाच नव्हता.

बंदीखान्यातली गोळी

आता इतिहास. जनुक, एन्झाइम आणि रोग यांची साखळी पहिल्यांदा दिसली तीसुद्धा लघवीच्याच रंगातून. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड काही मुलांचा अभ्यास करत होते. त्यांची लघवी हवा लागली की काळी पडायची. १९०२ मध्ये त्यांनी मांडलं की हा संसर्ग नाही, आईवडिलांकडून आलेली रासायनिक उणीव आहे. तेव्हा जनुक कशाचं बनलेलं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे १९४१ मध्ये बीडल आणि टॅटम यांनी बुरशीवर प्रयोग करून दाखवलं की एक जनुक बिघडलं की एक एन्झाइम बंद पडतं. त्यासाठी १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दुसरीकडे मलेरियाची लढाई चालू होती. १९२० च्या दशकात जर्मनीच्या बायर कंपनीने पामाक्विन नावाचं औषध काढलं. प्रायमाक्विनचा हा थोरला भाऊ. १९२६ मध्येच मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांमधल्या काही कामगारांची लघवी या औषधाने काळी झाल्याची नोंद आहे. कारण मात्र कुणाला सांगता आलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतलं आणि जगाचा क्विनाइनचा पुरवठाच तुटला, कारण सिंकोनाच्या बागा बहुतेक तिथेच होत्या. अमेरिकेने नवीन औषधांचा शोध युद्धपातळीवर सुरू केला. माणसांवरच्या चाचण्या झाल्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात. कैद्यांना मुद्दाम डास चाववून मलेरिया द्यायचा आणि औषध देऊन बघायचं. कैद्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. पण तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत खरी, हा प्रश्न तेव्हाही निघाला. न्युरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी याच तुरुंगाकडे बोट दाखवलं होतं. आज आपल्या हातात जी पट्टी येते तिच्यामागे ही माणसं आहेत, हे विसरायला नको.

त्या शोधातून प्रायमाक्विन मिळालं आणि कोरियाच्या युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना ते देऊ लागले. आफ्रिकी वंशाच्या सैनिकांपैकी दहातल्या साधारण एकाच्या लाल पेशी फुटत होत्या. शिकागोच्या डॉक्टरांनी स्टेटव्हिलमध्ये एक साधा, हुशार प्रयोग केला. ज्यांना औषध नडतं त्यांच्या लाल पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या धडधाकट माणसांच्या अंगात सोडल्या आणि औषध दिलं. खूण केलेल्या पेशी तिथेही फुटल्या. उलट बाजूने केलं, तर धडधाकट पेशी त्रास होणाऱ्या माणसाच्या अंगातही टिकल्या. म्हणजे दोष शरीरात दुसरीकडे कुठे नाही, पेशीतच आहे. शिवाय आधी फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी, ज्यांचं एन्झाइम संपत आलेलं असतं.

१९५६ मध्ये कार्सन, आल्विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' मासिकात उत्तर छापलं. या पेशींत जी६पीडी कमी आहे. एक औषध, एक एन्झाइम, एक वारसा, तिन्ही टोकं एकदाची जुळली.

परळ

इथून गोष्ट आपल्याकडे येते. त्या काळात मुंबईत, परळला, रक्त आणि वारसा यांवर जोरात काम चालू होतं. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे पहिले संचालक वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी एल. डी. संघवी यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या, आपापसातच लग्नं करणाऱ्या सहा समाजांच्या आनुवंशिक गुणांची तुलना केली होती. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगापुढे आणला. त्याच्याही मुळाशी एका एन्झाइमची उणीवच आहे, पण तो वेगळा एपिसोड होईल. १९५७ मध्ये मुंबईत आयसीएमआरचं ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं. तीच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, केईएमच्या आवारातली.

'सायन्स'मधला लेख आल्यावर पाचच वर्षांत, १९६१ मध्ये, बक्षी, बालकृष्णन आणि संघवी यांनी 'करंट सायन्स'मध्ये मुंबईतल्या लोकांमधल्या जी६पीडीच्या कमतरतेची नोंद छापली. १९६३ मध्ये पारशी समाजावरचा अभ्यास आला, तिथे प्रमाण बरंच जास्त निघालं. म्हणजे हा फक्त आफ्रिकेचा किंवा भूमध्य समुद्राचा प्रश्न नव्हता, आपल्या दारातलाही होता.

आणि दारात डासही होते. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने १९६० च्या दशकात आकडा लाखाच्या आसपास आला. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. १९७६ मध्ये तो पुन्हा ६४ लाखांवर गेला. मलेरिया परत आला म्हणजे गोळ्या परत आल्या, आणि गोळ्या आल्या म्हणजे हे एन्झाइम पुन्हा महत्त्वाचं झालं.

कल्याण आणि केरळ

आता माझा सगळ्यात आवडता भाग.

१९८४ साल. आपला जिल्हा तीनच वर्षांपूर्वी कुलाब्याचा रायगड झाला होता. 'ह्युमन जेनेटिक्स' नावाच्या मासिकात इश्वाद आणि नाईक या संशोधकांचा लेख आला. एका कोळी कुटुंबात जी६पीडीचा नवीन प्रकार सापडल्याचं त्यात होतं. अशा प्रकारांना गावाचं किंवा प्रदेशाचं नाव द्यायची पद्धत आहे. याला नाव मिळालं 'जी६पीडी कल्याण'.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसात होतो. स्क्रीनवर इंग्रजी मजकुरात 'कोळी' हा शब्द दिसला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. जागतिक मासिकात आपलं नाव बहुतेक वेळा माशांच्या किंवा प्रदूषणाच्या संदर्भात येतं. इथे ते एका प्रथिनाच्या ओळखीत होतं.

त्या काळी प्रकार ओळखायचे एन्झाइमच्या वागण्यावरून. कुठल्या तापमानाला टिकतं, कुठल्या आम्लतेत काम करतं, विजेच्या दाबाखाली जेलमध्ये किती वेगाने सरकतं, असं. त्याच्या सोळा वर्षं आधी, १९६८ मध्ये, परदेशातल्या एका गटाने भारतीय माणसांच्या रक्तात असाच एक प्रकार नोंदवून त्याला 'केरळ' म्हटलं होतं. दोन्हींची मोजमापं पूर्ण जुळत नव्हती, म्हणून दोन नावं, दोन नोंदी.

१९८६ मध्ये जी६पीडीचं जनुक वाचता आलं. मग १९९२ मध्ये कल्याण आणि केरळ या दोन्ही प्रकारांचा डीएनए वाचला गेला आणि निघालं काय, तर दोन्हींत चूक एकच! एन्झाइमचा नकाशा दीड हजारांहून थोड्या जास्त अक्षरांचा आहे. त्यातल्या ९४९ व्या जागी 'जी' हवं तिथे 'ए' आहे. त्यामुळे ५१५ कड्यांच्या साखळीतली ३१७ वी कडी बदलते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन बसतं. पहिल्यावर ऋण भार, दुसऱ्यावर धन, म्हणून जेलमधला वेगही बदलतो आणि एन्झाइमची ताकदही.

आमच्याकडे ऑफिसात असं रोज होतं. दोन टेस्टर दोन शहरांत बसून दोन तिकिटं टाकतात, वर्णनं वेगळी, स्क्रीनशॉट वेगळे. कोड उघडला की कळतं, बग तोच, ओळ तीच. एक तिकीट 'ड्युप्लिकेट' म्हणून बंद करायचं. इथे मात्र कुठलंच बंद केलं नाही. आज या म्युटेशनला 'केरळ-कल्याण' म्हणतात. मला हे फार आवडतं. पश्चिम किनाऱ्याची दोन नावं एका अक्षरात जोडली गेली.

२००४ मध्ये परळच्याच इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतल्या संशोधकांनी देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या म्युटेशन्सचा हिशोब मांडला. त्यांनी तपासलेल्यांत सुमारे ६० टक्के लोकांत 'मेडिटरेनियन' हा जास्त तीव्र प्रकार होता, सुमारे २५ टक्क्यांत केरळ-कल्याण आणि सुमारे १३ टक्क्यांत 'ओरिसा'. देशात ही कमतरता कुठे जवळपास शून्य, तर कुठल्या समाजात २७ टक्क्यांपर्यंत आढळलीय. म्हणून 'भारतात इतके टक्के' असा एकच आकडा कुणी फॉरवर्ड केला तर त्यावर विसंबू नका.

चूक होती तर टिकली कशी

चुकीचं अक्षर पिढ्यान्पिढ्या टिकत असेल तर त्याचा काहीतरी फायदा असणार. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल ही कल्पना मांडली होती, की रक्ताचे असे दोष मलेरियाच्या प्रदेशात जास्त दिसतात कारण ते मलेरियापासून थोडं वाचवतात. हे हाल्डेन पुढे भारतात राहायला आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

जी६पीडीसाठी याचा पुरावा १९६९ मध्ये नायजेरियातल्या इबादानहून आला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स, त्यातलं प्रत्येक पेशीत एकच चालू. म्हणून एक चांगलं आणि एक चुकलेलं अक्षर असलेल्या बाईच्या रक्तात दोन्ही तऱ्हेच्या लाल पेशी शेजारी शेजारी फिरतात. लुझाट्टो आणि सहकाऱ्यांनी मलेरिया झालेल्या अशा मुलींचं रक्त तपासलं. एन्झाइम कमी असलेल्या पेशींत परजीवी कमी सापडले. एकाच अंगात, एकाच तापात, परजीवीला दुबळी पेशी मानवत नव्हती.

म्हणजे बघा. ज्या अक्षराने दादाला औषधाच्या वेळी पाडलं, त्याच अक्षराने कदाचित आमच्या कुणा खापरपणजीला तापातून उठवलं असेल. औषध नव्हतं तेव्हा ते कवच होतं. औषध आलं तेव्हा अडचण झाली. अक्षर तेच, भोवतालची परिस्थिती बदलली.

"तुमच्याकडूनच आलं हे"

आता घरची गोष्ट पुरी करतो. दादा हॉस्पिटलातून आल्यावर मावशीच्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाला नाही असलं. तुमच्याकडूनच आलं हे." मावशी काही बोलली नाही. आत जाऊन भांडी घासत बसली.

विज्ञान बघायला गेलं तर सासूबाईंचं वाक्य अर्धं बरोबर आहे. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, वडिलांकडून वाय मिळतं. पण आईच्या दोनपैकी कुठलं एक्स मुलाकडे जाईल हे नाणेफेकीसारखं असतं. मावशीने ते निवडलं नव्हतं, जसं आजीनेही निवडलं नव्हतं. शिवाय मावशीला तरी ते कुठून आलं असेल? तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून. पुरुषही आपलं एक्स मुलीला देतोच. 'बायकांचा दोष' हा हिशोब कुठल्याच बाजूने बसत नाही.

मावशी आणि माझी आई सख्ख्या बहिणी, तेव्हा पुढचं नाणं माझं होतं. मी टेस्ट केली. चाचणी अगदी साधी आहे. अर्नेस्ट ब्यूटलर यांनी १९६६ मध्ये काढलेल्या पद्धतीत रक्ताचा थेंब रसायनात मिसळून कागदावर टाकतात आणि अतिनील दिव्याखाली बघतात. एन्झाइम असेल तर ठिपका चमकतो.

माझा चमकला नाही.

आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तू जन्मलास तेव्हा हळदीसारखा पिवळा होतास. तीन दिवस निळ्या लाईटखाली ठेवलेलं. आम्हाला वाटलं, होतं सगळ्या पोरांना." बऱ्याच बाळांना होते ती साधी कावीळ, हे खरंच. पण जी६पीडी कमी असलेल्या बाळांत ती जास्त वाढू शकते, आणि फार वाढली तर मेंदूला धोका असतो. वेळेत निळा लाईट मिळाला म्हणून आज मी माईकसमोर बसलोय. त्या दिवशी मी आईला म्हटलं, मावशीला फोन कर. सांग, तुझ्या बहिणीच्या पोरालाही तेच आहे. आईने केला. दोघी बहिणी तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

वाल, डांबर गोळ्या आणि एक पट्टी

शेवटी कामाच्या चार गोष्टी, कारण इन्स्टावर या विषयात फार गोंधळ आहे.

पहिली, खाण्याची. ही कमतरता असेल तर फावा नावाची शेंग टाळायची असते. भूमध्य समुद्राभोवती ती खाऊन लोक आजारी पडायचे, पायथागोरसने शिष्यांना शेंगा वर्ज्य केल्या होत्या त्याचं कारण हेच असावं असाही एक तर्क आहे. फावामध्ये व्हिसिन आणि कॉन्व्हिसिन ही द्रव्यं असतात, ती लाल पेशींना नडतात. उत्तर भारतात तिला बाकला म्हणतात. आता घोळ असा की इंग्रजीत फावाला 'ब्रॉड बीन' म्हणतात आणि आपल्याकडे काही ठिकाणी वालाच्या शेंगांवरही तेच लेबल लागतं. आपला वाल वेगळी वनस्पती आहे, फावा वेगळी. माझा रिपोर्ट आल्यावर मित्राने ग्रुपवर टाकलं, "यंदा पोपटी बंद रे तुझी!" मी डॉक्टरांना विचारून खात्री केली आणि जानेवारीत शेतावर भांबुर्ड्याचा पाला घालून लावलेल्या मडक्यातल्या शेंगा नेहमीसारख्या खाल्ल्या. तुम्हीही लेबलवर जाऊ नका, शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

दुसरी, डांबर गोळ्या. नॅप्थलीन हे या पेशींचं जुनं वैरी. आपल्याकडे बाळंतपणासाठी जुनी मऊ लुगडी ट्रंकेत डांबर गोळ्या टाकून जपून ठेवतात आणि त्यातच बाळाला गुंडाळतात. मायेने केलेलं असतं, पण नको. जिथे बाळ येणार आहे त्या घरातून डांबर गोळ्या आधी बाहेर काढा. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून वापरा.

तिसरी, टेस्टची वेळ. दादाची पहिली टेस्ट नॉर्मल आली होती! कारण म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या, उरलेल्या सगळ्या नव्या, एन्झाइमने भरलेल्या. त्यात दुसऱ्याचं रक्तही चढवलेलं. तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा खरं काय ते कळलं. पेशी फुटत असताना आलेला नॉर्मल रिपोर्ट शेवटचा मानू नका.

चौथी, सगळ्यात महत्त्वाची. हे ऐकून कुणी प्रायमाक्विनला घाबरून गोळी फेकू नका. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. क्लोरोक्विन त्यांच्यापर्यंत पोचत नाही, प्रायमाक्विन पोचतं. ज्याच्यात एन्झाइम पुरेसं आहे त्याने चौदा दिवसांचा कोर्स पुरा करायलाच हवा. ज्याच्यात कमी आहे त्याच्यासाठीही वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली डोस देण्याचा पर्याय आहे, पण तो डॉक्टरांनीच ठरवायचा. आपल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीतही लिहिलंय की गोळी घेताना लघवी काळसर झाली, डोळे पिवळे झाले, ओठ निळसर पडले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. दादाला ही एवढी ओळ कुणी सांगितली असती तर चौथ्या दिवशीच काम झालं असतं. ज्यांनी गोळी दिली त्यांच्यावर मला राग काढायचा नाही. रांगेत चाळीस पेशंट असतात. पण ती ओळ सांगायला दहा सेकंद लागतात, आणि ऐकणाऱ्याने विचारायलाही तेवढीच.

मी काय केलं ते सांगतो. एका कार्डावर मराठीत लिहिलं, 'माझ्यात जी६पीडी कमी आहे. प्रायमाक्विन, डॅप्सोन देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.' मोबाईलच्या कव्हरमागे घातलंय. दादाचंही लॅमिनेट करून दिलं. तो ते बोटीच्या केबिनमध्ये लायसन्सच्या पाकिटात ठेवतो. मावशीच्या सासूबाईंनी ते वाचायला मागितलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "धाकट्याची पण करायची का टेस्ट?" मावशी म्हणाली, "करूया की."

करून घेतली. त्याचा ठिपका चमकला.

तर मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या घरात कुणाची लघवी गोळ्यांमुळे काळी झाल्याची आठवण असेल, कुणा बाळाला निळ्या लाईटखाली ठेवलं असेल, तर एकदा विचारून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना सगळं आठवतं. आणि विचारताना दोष देऊ नका. भेटू पुढच्या एपिसोडला.